दहावा माणूस

प्रति,
मा. मंत्री, अल्पसंख्याक विकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,


मी समाजकार्य शिकवते. आमच्या पदव्युत्तर वर्गाचा यंदाचा अभ्यासदौरा महाराष्ट्रातल्या ज्यू समाजावर होता. हा समाज आपल्या मुलांना आणि तरुणांना कसा आधार देतो, त्यासाठी कोणते उपक्रम चालवतो आणि ते कशाच्या बळावर टिकतात, हे समजून घ्यायला आम्ही ठाणे, मुंबई आणि अलिबाग परिसरात फिरलो. दौऱ्याचा अहवाल विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे जमा होईल आणि कपाटात जाईल. पण त्यातली एक गोष्ट आपल्या विभागाच्या थेट कामाची आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ती गोष्ट थोडक्यात अशी: आपल्या योजना समाजाची संख्या पाहून आखल्या जातात, आणि ज्या समाजाची संख्याच अगदी थोडी उरली आहे त्याच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत. उलट हा समाज आपले काम एकेका माणसापासून सुरू करतो. त्याच्याकडून शासनाने शिकावे आणि त्याला जे मिळायला हवे ते द्यावे, अशी माझी विनंती आहे.

विनंतीमागचा आधार नीट मांडते.

महाराष्ट्रातले बहुसंख्य ज्यू हे बेने इस्रायली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, ही त्यांची परंपरेने चालत आलेली हकिकत. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर. त्यांची आडनावे घेऊन रायगड जिल्ह्याचा नकाशा काढता येईल. घरातली बोली मराठी, साडी मराठी, जेवणात नारळ आणि पोहे. प्रार्थना मात्र हिब्रूत. बगदादहून मुंबईत आलेल्या ससून घराण्यासारख्या ज्यूंचा गट वेगळा. त्यांचा पैसा आणि व्यापार मोठा, पण त्यांची संख्या इथे कधीच फार नव्हती.

स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात सुमारे वीस हजार बेने इस्रायली होते. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. इथे कोणी छळले म्हणून नव्हे. धर्माची ओढ, नोकरीची आशा आणि एकामागून एक निघालेली नातलगांची कुटुंबे ही त्यामागची कारणे. लोद, रामला, अश्दोद, बेर शेवा, दिमोना या गावांत आज त्यांची मुले-नातवंडे राहतात. तिथून त्यांनी १९८५मध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक सुरू केले, तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो. इथे मात्र २०११च्या जनगणनेनुसार संपूर्ण भारतात साडेचार हजारांच्या थोडेसे वर ज्यू उरले, आणि महाराष्ट्रात सुमारे अडीच हजार. मुंबईतल्या एका मोठ्या महाविद्यालयात यापेक्षा जास्त विद्यार्थी असतात.

आता त्यांच्या एका नियमाकडे वळते, कारण माझ्या विद्यार्थ्यांना सगळा दौरा त्या नियमामुळे समजला. सामुदायिक प्रार्थनेतल्या काही महत्त्वाच्या भागांसाठी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, किमान दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. या दहांच्या जमावाला मिन्यान म्हणतात. नऊ जण असले, मग ते कितीही विद्वान असोत, तर प्रार्थनेचे ते भाग म्हणता येत नाहीत, पवित्र ग्रंथाची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. दहावा कोण हे महत्त्वाचे नाही. तो श्रीमंत असो, बेकार असो, कालच आजारातून उठलेला असो. तेरा वर्षे पूर्ण झालेला मुलगाही या दहांत धरला जातो. आपल्याकडे ज्या वयात मुलाला मोठ्यांच्या बैठकीतून उठवून बाहेर खेळायला पाठवतात, त्या वयात त्यांचा मुलगा आला नाही तर सगळे खोळंबतात.

हा पारंपरिक नियम पुरुषांपुरता आहे, हे माझ्या विद्यार्थिनींनी लगेच बोलून दाखवले आणि ते योग्यच होते. पण समाजाच्या रोजच्या कामात त्या नियमातला विचार स्त्री-पुरुष दोघांपर्यंत पोहोचला आहे. प्रत्येक जण मोजला जातो, आणि एक जरी गळला तरी सगळ्यांचे अडते. मोठ्या समाजाला हे कधी जाणवत नाही. आमच्या वर्गात सत्तरातला एक मुलगा गैरहजर राहिला तर तास थांबत नाही.

मंत्रिमहोदय, आम्ही पाहिलेले तरुणांचे उपक्रम याच मुळावर उभे आहेत. मुंबईतल्या ज्यू समाजाच्या बऱ्याचशा सामाजिक कामाला अमेरिकन ज्युइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही संस्था साहाय्य करते. समाजात तिला सगळे ‘जेडीसी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात संकटात सापडलेल्या ज्यूंना मदत करण्यासाठी १९१४मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती स्थापन झाली, आणि १९६०च्या दशकापासून भारतात काम करते. निराधार वृद्धांना दरमहा मदत, औषधपाणी, आणि त्याच्या जोडीला लहान मुले आणि तरुणांचे उपक्रम, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे. एव्हलिन पीटर्स ज्युइश कम्युनिटी सेंटर हे समाजाचे एकत्र येण्याचे ठिकाण. तिथे लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी काही ना काही असते.

आमच्या विद्यार्थ्यांनी तिथे कोणते उपक्रम चालतात याची यादी केली: सणांची ओळख, हिब्रू, नृत्य, शिबिरे, गटचर्चा, व्याख्याने. यादी म्हणून पाहिली तर तीत नवे काही नाही. आपल्या युवक महोत्सवांत आणि राष्ट्रीय सेवा योजनेत असेच काहीसे असते. फरक त्यांच्या रचनेत आहे. त्या रचनेतल्या तीन गोष्टी मला मोलाच्या वाटल्या.

पहिली, वयाची साखळी कुठेही तुटत नाही. आपल्याकडे अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्याची, वसतिगृह तिसऱ्याचे, कौशल्य प्रशिक्षण चौथ्याचे. मूल एका खात्यातून बाहेर पडले की पुढच्या खात्याला ते अनोळखी असते. इथे मूल पाच वर्षांचे असताना जी माणसे त्याला ओळखतात, तीच माणसे त्याच्या दहावीच्या वेळी, वडिलांची नोकरी गेल्यावर आणि पहिल्या मुलाखतीच्या वेळी आसपास असतात. शिबिराला न आलेल्या मुलाच्या घरी फोन जातो. फोन करणाऱ्याला त्याच्या आजीचे गुडघे दुखतात हेही माहीत असते.

दुसरी, आधार घेणारा फार काळ नुसता घेणारा राहत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना लहान गटांचे मार्गदर्शक म्हणून तयार केले जाते. ज्यू युवक चळवळींमध्ये जगभर ही पद्धत आहे. ज्याला काल कोणीतरी हात धरून शिबिरात नेले, तो आज दहा लहानग्यांचा हात धरतो. त्यांचे जेवण, भांडणे, घरची आठवण, सगळे सांभाळतो. आम्हाला भेटलेल्या एका महाविद्यालयीन मुलीने लहान मुलांसाठी एक अख्खा कार्यक्रम आखला होता. खर्चाचा हिशेब, पालकांशी बोलणे, कार्यक्रम फसल्यास काय करायचे, हे सगळे तिने वहीत लिहून ठेवले होते. माझे विद्यार्थी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतात, आणि तिच्याकडून नियोजन कसे करावे हे शिकत होते. वृद्धांना भेटायला जाणे, सणाच्या वेळी त्यांच्या घरी खाऊ पोहोचवणे, हीही तरुणांचीच कामे. त्यामुळे मदत मिळणारे वेगळे आणि देणारे वेगळे अशी भिंत तिथे उभी राहत नाही.

तिसरी, छोट्या समाजातल्या मुलाला एकटेपण येऊ नये याची मुद्दाम काळजी घेतली जाते. ठाण्यातल्या शाळेत आपल्या धर्माचा आपण एकटाच, सण कोणता हे वर्गात समजावून सांगावे लागते, नाव ऐकले की लोक ‘तुम्ही ख्रिश्चन का?’ असे विचारतात. हे प्रत्येकाने सांगितले. अशा मुलाला आपल्यासारखी आणखी मुले जगात आहेत हे डोळ्यांनी दिसावे लागते. हंगेरीत सार्वाश या गावी १९९०पासून जेडीसी आणि लॉडर फाउंडेशन यांचे आंतरराष्ट्रीय उन्हाळी शिबिर भरते. अनेक देशांतल्या ज्यू मुलांबरोबर भारतातली मुलेही तिथे जातात. मोठ्या तरुणांसाठी इस्रायलचा अभ्यासदौरा असतो. इथून गेलेला मुलगा तिथे पोलंडच्या किंवा तुर्कस्तानच्या मुलाला मलिदा हा आपल्या समाजाचा विधी कसा असतो हे सांगतो, आणि परत येतो तेव्हा त्याला स्वतःच्या कोकणी मुळांची नवी किंमत कळलेली असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. इस्रायलच्या सरकारच्या धोरणांविषयी आपल्या देशात तीव्र मतभेद आहेत आणि असावेत. पण ठाण्यातल्या किंवा पनवेलमधल्या महाविद्यालयीन मुलाने दुसऱ्या देशाच्या सरकारबद्दल वर्गात उत्तरे द्यावीत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तो इथला आहे, त्याचे पूर्वज इथल्या मातीत गेले आहेत. २००८च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर हल्ला झाला आणि तिथले ज्यू धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि त्यांचे पाहुणे मारले गेले. तेव्हापासून सिनेगॉगच्या दारात पोलिस असतात आणि भेटीआधी ओळखपत्रे द्यावी लागतात. शतकानुशतके या भूमीवर निर्धास्त राहिलेल्या समाजाच्या मुलांना आता पहाऱ्यात प्रार्थना करावी लागते. त्यांच्या बाजूने उभे राहणे हे आपले, म्हणजे मराठी समाजाचे कर्तव्य आहे.

आता पैशाविषयी. ज्यू धर्मात दान ही मर्जीची बाब नाही, ते देणे लागते अशी धारणा आहे. बाराव्या शतकातले विद्वान मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतली सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे की त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. हा विचार संस्थांमध्येही उतरलेला दिसतो. १८८०मध्ये सेंट पीटर्सबर्गला गरीब ज्यूंना हातची कामे आणि शेती शिकवण्यासाठी ओआरटी ही संस्था सुरू झाली. १९६०च्या दशकात तिने मुंबईत काम सुरू केले. वरळीच्या तिच्या केंद्रातून मुलामुलींच्या कित्येक तुकड्या कामाचे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या आणि ज्यू नसलेल्यांनाही तिथे दार खुले राहिले. पदवीच्या मागे धावणाऱ्या आपल्या समाजात, हाताला काम देणारे शिक्षण त्यांनी कमी प्रतीचे मानले नाही.

हे सगळे परदेशी पैशामुळे शक्य झाले, असे कोणी म्हणेल. तेवढे खरे नाही. बाहेरची मदत येण्याच्या कितीतरी आधीपासून या समाजाने स्वतःच्या मुलांची सोय केली होती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५मध्ये आपल्या समाजातल्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले, आणि माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणून ती ओळखली जाते. या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून रिबेका रूबेन यांनी १९२२पासून जवळजवळ तीन दशके काम केले. त्या पुण्याच्या हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. हुजूरपागेतच शिकलेल्या डॉ. जेरुशा झिराड शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या, स्त्रीरोगतज्ज्ञ होऊन परतल्या आणि १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिल्या. लंडनला जाण्यापूर्वीच, १९१३मध्ये, बेने इस्रायल स्त्री मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९६६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका मुलीला वेळेवर मिळालेल्या शिष्यवृत्तीचा लाभ किती हजार मातांना झाला असेल! त्यांतल्या ज्यू किती असतील? फारच थोड्या.

याच मुद्द्यावर मला आपले लक्ष वेधायचे आहे. छोट्या समाजाला दिलेला आधार त्या समाजापुरता राहत नाही. केहिमकरांच्या शाळेत आज बहुतांश मुले इतर धर्मांची आहेत. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या ससून घराण्याच्या शाळांमध्ये आता जवळजवळ सगळी मुले मुसलमान वस्त्यांतून येतात. ज्या दारावर हिब्रू अक्षरे कोरली आहेत, त्या आवारातून हिजाब घातलेल्या मुली दप्तर घेऊन वर्गात जातात. जगाच्या दुसऱ्या भागांत हे दोन समाज एकमेकांकडे कसे पाहतात हे आपण रोज वाचतो. भायखळ्यात मात्र ज्यूंनी बांधलेल्या वर्गांत मुसलमान मुली दहावी होतात. माझ्या वर्गातल्या मुली तिथे बराच वेळ उभ्या राहून पाहत होत्या.

याच घराण्यातल्या डेव्हिड ससून यांचेही असेच. त्यांचे नाव लोकांना काळा घोड्याच्या वाचनालयामुळे आणि पुण्याच्या रुग्णालयामुळे माहीत असते. पण तरुणांच्या आधाराचा विषय निघाला की आठवावे असे त्यांचे काम म्हणजे १८५७मध्ये मुंबईत उभी राहिलेली बालगुन्हेगारांसाठीची औद्योगिक शाळा. गुन्हा केलेल्या पोरांना मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात न टाकता वेगळे ठेवावे, त्यांना काम शिकवावे, हा विचार या देशात नवा होता. डेव्हिड ससून औद्योगिक शाळा माहीमला आजही आहे आणि चिल्ड्रन्स एड सोसायटी ती चालवते. आज बाल न्याय कायद्यात जे तत्त्व आहे, त्याला मुंबईत इतकी जुनी मुळे आहेत. ही शाळाही केवळ ज्यू मुलांसाठी नव्हती.

मुंबईतून आम्ही अलिबागला गेलो. इस्रायल आळीतला मागेन अबोथ सिनेगॉग, नवगावचे स्मारक, तिथल्याच खंडाळा गावातला ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ हा खडक, वाटेतल्या गावांतल्या दफनभूमी. प्रेषित एलियाहू आपल्या रथातून या खडकावर उतरले होते अशी बेने इस्रायली श्रद्धा आहे. नवस फेडायला, मलिदा करायला मुंबई-ठाण्याहून आणि इस्रायलहूनही लोक इथे येतात. पोहे, नारळ, साखर, सुकामेवा आणि फळे ताटात मांडून प्रार्थना होते. जगात दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात नसलेला हा विधी आपल्या कोकणाने त्यांना दिला.

कोकणातल्या बऱ्याच सिनेगॉगमध्ये आता एरवी दहा माणसे जमत नाहीत. सणाला मुंबईहून गाड्या निघतात, तेव्हा प्रार्थना होते. इथे राहणारी थोडी कुटुंबे आणि त्यांचे हिंदू-मुसलमान शेजारी वास्तूंची देखभाल करतात. मुंबईचे तरुण जेव्हा दफनभूमी साफ करायला किंवा सण साजरा करायला कोकणात येतात, तेव्हा ते केवळ सहलीला आलेले नसतात. त्यांच्या येण्याने गावातला प्रार्थनेचा जमाव पूर्ण होतो.

मंत्रिमहोदय, या सगळ्यात अडचण नाही असे नाही. तरुण अजूनही जातात. कोणी इस्रायलला, कोणी नोकरीसाठी दुसरीकडे. समाजातल्या समाजात लग्न जुळवणे दिवसेंदिवस अवघड होते आहे. भारतातल्या बेने इस्रायलींमध्ये प्रार्थना बहुधा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हे तर हज्जान चालवतात, आणि ते काम शिकणारे तरुण थोडे. बरेचसे उपक्रम बाहेरच्या निधीवर अवलंबून आहेत. देणगीदारांचा कल बदलला तर काय, ही काळजी कार्यकर्त्यांच्या बोलण्यात होती. म्हणूनच शासनाची गरज आहे.

शासनाने आजवर काय केले, ते कृतज्ञतेने लिहायला हवे. २०१६मध्ये महाराष्ट्राने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी असे करणारे पश्चिम बंगाल हे एकच राज्य होते. शतकानुशतके इथे राहूनही सरकारी कागदांत ‘इतर’ म्हणून राहिलेल्या समाजाला त्या निर्णयाने ओळख मिळाली. पण दर्जा मिळाल्यावर पुढे काय? केंद्राने अधिसूचित केलेल्या सहा अल्पसंख्याक समाजांत, म्हणजे मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन यांच्यात, ज्यू नाहीत. त्यामुळे या सहा समाजांसाठीच्या केंद्रीय योजना ज्यू विद्यार्थ्याला लागू होत नाहीत. प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रमासारख्या योजना एखाद्या भागातल्या अल्पसंख्याकांच्या टक्केवारीवर आधारलेल्या असतात. दाट वस्तीत राहणाऱ्या समाजासाठी ते बरोबरच आहे. पण जो समाज ठाणे, कुर्ला, पनवेल, अलिबाग, पुणे असा विखुरलेला आहे, तो कुठल्याही तालुक्यात कधीच टक्केवारीत येणार नाही. त्याच्या मुलाची गरज खरी असली तरी नकाशावर ती दिसणार नाही.

शासनाला छोट्या समाजासाठी वेगळा विचार करता येतो, हे मात्र सिद्ध झालेले आहे. २०११च्या जनगणनेत पारशी साठ हजारांच्याही आत आले. त्याआधीपासूनची त्यांची घट पाहून केंद्राने २०१३मध्ये ‘जियो पारसी’ योजना आणली. तिथे टक्केवारी पाहिली नाही, समाजाची नेमकी अडचण पाहिली आणि समाजाच्याच संस्थांना बरोबर घेतले. पारशांची अडचण जन्मदराची होती. ज्यूंची अडचण विखुरलेपणाची आणि तरुणांच्या जाण्याची आहे. अडचण वेगळी असली तरी रीत तीच लागेल.

म्हणून आपल्याकडे तीन मागण्या करते.

एक. राज्यात ज्या अल्पसंख्याक समाजांची लोकसंख्या दहा हजारांपेक्षा कमी आहे, त्यांच्यासाठी क्षेत्राची टक्केवारी आणि लाभार्थ्यांची किमान संख्या या अटी रद्द करा. त्यांच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातला प्रवेश व्यक्तीच्या गरजेवर मिळावा. विभागात एक अधिकारी असा असावा, ज्याच्याकडे ठाण्यातला ज्यू विद्यार्थी थेट जाऊ शकेल आणि ज्याला ‘हा समाज कोणता?’ असे विचारावे लागणार नाही. ज्यू समाजाचा केंद्राच्या यादीत समावेश व्हावा, यासाठी राज्याने लेखी शिफारस करावी.

दोन. रायगड जिल्ह्यात बेने इस्रायली वारशाच्या जागांसाठी स्थानिक तरुणांचे प्रशिक्षण सुरू करा. या जागा पाहायला देशविदेशांतून लोक येतात. त्यांना माहिती देणारे मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलणारे मार्गदर्शक हवेत. जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि दफनभूमींच्या शिलालेखांची नोंद करणारे हात हवेत. त्यात ज्यू तरुण असावेत, आणि ज्यांनी आजवर या जागा सांभाळल्या त्या शेजाऱ्यांची मुलेही असावीत. गावातल्या मुलाला गावात काम मिळेल, आणि वारसा त्याच्या चरितार्थाचा भाग झाला की तो टिकेल. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतल्या शाळांच्या परिसर अभ्यासात या समाजाची ओळख यावी. आपल्याबरोबर शिकणारा मुलगा कोण, हे वर्गाला पाठातून कळावे, त्याला ते एकट्याने समजावून सांगावे लागू नये.

तीन. त्यांची रीत आपल्या मोठ्या योजनांत आणून पाहा. आपल्या विभागाच्या एखाद्या वसतिगृहात किंवा युवा केंद्रात प्रयोग करा. एका कार्यकर्त्याकडे मोजकी मुले द्या आणि ती मुले काही वर्षे त्याच्याकडेच राहू द्या. वरच्या वर्गातल्या मुलांना मानधन देऊन लहानांचे मार्गदर्शक नेमा. लाभ घेतलेल्या प्रत्येक तरुणाकडून पुढच्यासाठी थोडे काम घ्या. वर्षअखेरीस किती जणांना लाभ मिळाला हे विचाराच, पण किती जण गळले आणि त्यांच्या घरी कोण गेले, हेही विचारा.

ही तिसरी मागणी माझ्या विद्यार्थ्यांची आहे. परतीच्या प्रवासात त्यांची चर्चा ज्यूंवरून स्वतःच्या गावांवर आली. एकाच्या तालुक्यात गोपाळ समाजाची पाच-सहा घरे आहेत. एकीच्या गावाबाहेर कातकऱ्यांची वाडी आहे. कोणाच्या शहरात एखाद्या धर्माचे एकच कुटुंब आहे. या सगळ्यांची मुले ‘लाभार्थी संख्या अपुरी’ या शेऱ्याखाली मागे राहतात. ज्यू समाजाने आपले मूल मागे राहू दिले नाही, कारण त्याला ते परवडणारे नव्हते. एकही मूल मागे ठेवणे राज्यालाही परवडणार नाही, हे राज्याने मनावर घ्यायला काय हरकत आहे? बारा कोटींच्या घरात लोकसंख्या असलेल्या राज्यात अडीच हजार माणसांसाठी वेगळे काही करणे म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे. शेवटच्या माणसापर्यंत आपण खरोखर पोहोचतो का, याची ती परीक्षा आहे.

आपण एकदा ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या शआर हशामायिम सिनेगॉगला किंवा मुंबईत १७९६मध्ये स्थापन झालेल्या आणि आता मशीद बंदरजवळच्या सॅम्युएल स्ट्रीटवर असलेल्या शआर हाराहामीमला भेट द्यावी. सोबत विभागाचे सचिव आणि शिष्यवृत्तीच्या फाइली पाहणारे अधिकारी असावेत. समाजाच्या ज्येष्ठांबरोबरच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना वेगळे बसवून विचारावे: इथे राहायचे असेल तर तुम्हाला काय हवे? उत्तरे फार खर्चाची नसतील, एवढे आम्ही त्यांच्याशी बोलून सांगू शकतो. आणि त्यांतल्या एकाही मुलाने किंवा मुलीने या उत्तरांमुळे महाराष्ट्रात राहण्याचे ठरवले, तर तेवढ्याने शासनाचे काम सार्थकी लागेल. त्या समाजात एका माणसाने किती फरक पडतो, हे आता आपल्यालाही माहीत आहे.

आपल्या उत्तराची मी आणि माझे विद्यार्थी वाट पाहतो.

आपली,
समाजकार्याची एक अध्यापिका